अठरा ते तीनशे

पौड
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

अर्शी बाळा,

मी नानी झाले! ही गोष्ट तू मला सांगायची, पण तू सांगितली न्हाईस म्हणून मीच तुला सांगते. रेश्मा स्टँडवर भेटली, तुझ्या वर्गातली, ती चालताना बोलती आन बोलताना थांबती ती. म्हणाली, "काकू, अर्शीचं स्टेटस बघितलं का?" मला वाटलं स्टेटस म्हणजे दवाखान्यातलं काहीतरी. तितंच पिशवीवर बसले. मग ती म्हणाली, "अवो रडताय काय, बाळ झालंय." आन मोबाईल पुढं केला. पिवळं दुपटं आन त्यातनं बाहेर आलेली एक मूठ. बस. तोंड न्हाई, काय न्हाई. मी म्हणाले उद्या नीट बघते, चष्मा आणते. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले तर पुसलेलं! आपोआप पुसतं म्हणं. असलं कसलं ते, आपल्या स्टुडिओतला फोटो तीस तीस वर्षं भिंतीवर टिकतो.

तरी बत्तासे वाटले गं. लोक इचारत्यात मुलगा का मुलगी, मी म्हणते मूठ हाय. हसत्यात. हसू दे.

तुझा फोन लागत न्हाई. नौशाद म्हणाला, "मामी, तुला ब्लॉक केलंय तिनं, तू कितीबी दाब." म्हणून कागद. चौथी शिकलेली बाई मी, फोटोच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहून लिहून हात बसला तेवढाच. चुकलं तर समजून घे. रेश्मानं बिल्डिंग सांगितली, गेटवर वॉचमनकडं देऊन येते. वर येणार न्हाई, घाबरू नगंस. कुंची शिवलीय, मऊ सुती हाय, कानावरनं नीट येती का बघ. पौडातच एवढी थंडी पडलीय तर बावधनला टेकडीचा वारा किती असंल.

तुझे अब्बा बरे हायेत. स्टुडिओ सध्या बंद ठेवलाय. हल्ली समदे मोबाईलवरच काढत्यात. घरातच असत्यात, रेडिओ ऐकत्यात. मी त्यांना काय सांगितलं न्हाई. बत्तासे कशाचे इचारलं तर मी म्हणाले शेजारच्या शेळीला तीन पिल्लं झाली. त्यांनी खाल्ला मात्र.

मूठ बघितली. बाकीचं बघायचंय. एक फोटो दे वॉचमनकडं.

तुझी
अम्मा

पौड
गुरुवार, २१ नोव्हेंबर

अर्शी,

कागद परत आला. कोंडिबानं हातात दिला, तुमच्या गेटवरचा वॉचमन. आपल्याच मुळशीचा निघाला, धरणापल्याडच्या वाडीतला. म्हणाला, "मावशे, म्याडम म्हणाल्या नको. मी तरी काय करू?" मी म्हणाले, "आन कुंची?" तर म्हणतो, "ती ठेवली." मला तितं गेटवरच हसू फुटलं. कोंडिबा म्हणाला, "कागद नाकारला आन हसतेस काय म्हातारे?" त्याला काय कळणार. कागद माझा, कुंची बाळाची. बाळाला माझी कुंची चालती म्हणजे दार फटीएवढं तरी उघडं हाय.

जुना कागद ह्याच पाकिटात घातलाय. घेतलास तर दोन्ही घे.

आता एक खरं सांगते. मी लिहिलं व्हतं वर येणार न्हाई, ते खरंच हाय, पण तुमच्या बिल्डिंगीसमोर टेकडी हाय ना, तिच्यावर मी येते. सकाळी शहरातली माणसं तितं कुत्री घेऊन फिरत्यात, त्यात एक म्हातारी कुणाला दिसती. चौथा मजला, कोपऱ्यावरची गॅलरी, निळी बादली. कोंडिबानं सांगितली न्हाई, तो सांगत न्हाई, मी कपडे बघून ओळखली. तू दुपट्याची चारी टोकं जुळवून वाळत घालतेस, मी घालायची तशी.

डोळ्यानं काय दिसंना म्हणून अब्बांचा कॅमेरा घेऊन गेले. त्यांना न इचारता. तो शेवटी घेतलेला डिजिटल. तुला आठवतं, पावसाळ्यात आपल्याकडं भिंगाला बुरशी धरती म्हणून ते भिंगाला पोरापेक्षा जपायचे, बल्ब लावलेल्या कपाटात. बल्ब उडाल्यावर मी शहाणपणा केला. कुणीतरी म्हणालं, ओलं काय बी असू दे, तांदळात ठेव, ओल शोषून घेतो. मी भिंग तांदळाच्या डब्यात पुरलं. आंबेमोहर. आन त्या तांदळाला मी किड्यासाठी बोरिक पावडर चोळलेली. दरवर्षी चोळते, हाताला एवढी सवय की डोक्यात आलंच न्हाई.

टेकडीवर बघते तर समदं धुकं. मला वाटलं बावधनचं बांधकाम, सिमेंट उडत असंल. घरी आले तर तुझे अब्बा म्हणाले, "कॅमेरा कुटं फिरवून आणलास?" मी म्हणाले न्हाई बाई. म्हणाले, "आण हिकडं." भिंग हातात घेऊन फिरवलं, कानाजवळ धरलं. करकर करकर. मग बोट फिरवून अंगठ्यानं चोळून बघितलं, "गुळगुळीत लागतंय. मुनीरा, तू माझ्या भिंगाला बोरिक लावलंस?" मी पदराला हात पुसले. "म्हणजे आता ह्याला किडे लागायचे न्हाईत," म्हणाले. आन इतके हसले, इतके हसले की खोकला आला. किती दिवसांनी हसले म्हणून मलाबी बरं वाटलं आन भिंग गेलं म्हणून रडूबी आलं.

आता नवं भिंग बघते. तू फोटो दिलास तर बघायला लागणार न्हाई.

अम्मा

पौड
शनिवार, ३० नोव्हेंबर

अर्शी बाळा,

कागद घेतलास! कोंडिबा म्हणाला दाराखालनं सरकवला आन परत बाहेर आला न्हाई. वाचलास का न्हाई देव जाणे, पण आत हाय. तुझ्या घरात माझं अक्षर हाय.

आज भिंगाचं सांगते, लई झालं ते.

नौशादकडं गेले. त्याचं नाव बघून कागद फाडू नगंस. तुझं लग्न त्याच्याशी ठरवलेलं, तू साखरपुड्याच्या आधी झीशानबरोबर गेलीस, तुझ्या अब्बांनी बहिणीला दिलेला शब्द पडला आन त्यांनी स्टुडिओच्या काचेतला तुझा फोटो उतरवला. ज्याच्यासाठी एवढं झालं तो गडी सुखात हाय. पोट सुटलंय, कॅमेऱ्याचं दुकान काढलंय. धरणावर लग्नाआधीचे फोटो काढायला जी जोडपी येत्यात त्यांच्यासोबतची पोरं त्याच्याकडनं सामान नेत्यात. म्हणतो, "मामी, अर्शीनं माझ्यावर उपकार केले, तिनं मला रोज उपाशी मारलं असतं." हे त्याच्या बायकोपुढं म्हणतो, तीबी हसती. राग धरून बसलेत ते फक्त तुझे अब्बा आन तू. ज्याची म्हैस मेली तो निजला आन शेजारी रडत बसले, तशातली गत.

तर नौशादनं तीन भिंगं काउंटरवर मांडली. आकडे असत्यात त्यांच्यावर. एक आखूड, अठरा ते पंचावन्न, आपलं बोरिकवालं तसलंच. ते घरातलं, हळदीचं, जेवणावळीचं. दुसरं लांबोडकं, सत्तर ते तीनशे. ते लांबचं. दुकानाच्या दारातनं त्यानं मला समोरच्या डोंगरावरची गाय दाखवली, गायीच्या कानातला पिवळा बिल्ला दाखवला. मी म्हणाले हेच दे! मग म्हणाले थांब, ह्यानं मांडीवरचं काढता येतं का? तर म्हणतो, "न्हाई मामी, त्याला चार हात लांब जावं लागतंय, जवळचं त्याला दिसत न्हाई." आन तिसरं, अठरा ते तीनशे. ऑल-इन-वन. हातभर अंतरावरचंबी काढतं आन डोंगरावरचंबी. पण नौशाद प्रामाणिक हाय. म्हणाला, "लांबच्या टोकाला चित्र जरा मऊ येतं, उजेड लागतो भरपूर. तुला करायचंय काय नेमकं?"

मी म्हणाले घरी इचारून सांगते.

अब्बा ओट्यावर बसलेले. मी म्हणाले, "अवो, भिंग कुटलं चांगलं?" म्हणाले, "भिंग नंतर. आधी सांग काढायचं काय?" गिऱ्हाइकालाबी तसंच म्हणायचे, आठवतं ना. मी म्हणाले पाखरं.

"कुटली?"

मला पटकन दुसरं सुचेना. भातखाचरात बगळे उतरलेले. मी म्हणाले, "बगळे."

"मग लांबचं घे. सत्तर-तीनशे."

"आन बगळा जवळ आला तर?"

"बगळा जवळ येतो व्हय?"

"आला तर? मांडीवर येऊन बसला तर?"

"तर मागं सरकायचं."

"मला मागं सरकायचं न्हाई," मी म्हणाले. आवाज जरा मोठा झाला माझा. मी त्या तिसऱ्या भिंगाचं सांगितलं. एरवी असल्या भिंगाला ते शिव्या देत्यात, म्हणत्यात एक ना धड भाराभर चिंध्या, लग्नाला नेलं तर नवरी मऊ आन व्याही धूसर. मला वाटलं आताबी तेच म्हणतील. रेडिओवर बाजारभाव लागले, कांदा, बटाटा, समदं संपलं. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले,

"बगळा हाय का बगळी?"

अर्शी, माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी म्हणाले, "माहीत न्हाई वो. मूठ बघितली नुसती." म्हणाले, "मग चिंध्याच घे. अठरा-तीनशे."

उद्या आणते. नौशाद म्हणाला, "पैशाचं राहू दे, नवा आंबेमोहर दे मामी, पण बोरिक न लावता." सोकावलाय मेला.

आता तरी सांग, बगळा का बगळी. अब्बा सारखं इचारत्यात. नुसतं एका शब्दाचं काम हाय.

अम्मा

पौड
मंगळवार, १० डिसेंबर

अर्शी,

कोंडिबा म्हणाला तुमच्याकडं खोकी आलीत. जर्मनीला चाललाय म्हणं. झीशानला तिकडं काम मिळालं. ह्या महिन्यातच.

मला कळल्यापासनं काय सुचंना. चुलीवर दूध ठेवलं, जळालं. वास आला तेव्हा मी तितंच उभी व्हते. जर्मनी कुटं हाय ते मी इचारलं न्हाई कुणाला. टेकडीवरनं दिसत न्हाई एवढं कळलं मला.

नवं भिंग घेऊन तीन येळा येऊन गेले. पहिल्या येळी भिंग हाललं, नुसतं आभाळ आलं. दुसऱ्या येळी तुमच्या गॅलरीचा पडदा. तिसऱ्या येळी ऊन नीट व्हतं. भिंग पार शेवटपर्यंत फिरवलं, तीनशेवर, श्वास धरला. निळी बादली आली. दोरीवरची दुपटी आली. तुझं कोपर आलं. बाळा, वाळलीस गं. कोपर बघूनच कळलं. मग तू वळलीस आन तुझ्या खांद्यावरनं एक पाय खाली आला. एवढासा. मी दाबलं.

मऊच आलंय चित्र, नौशाद खरं बोलला. पण पाय हाय. अंगठा जरा बाहेर गेलेला हाय, तुझ्या अब्बांचा जातो तसा.

घरी येऊन मी त्यांना दाखवला. म्हणजे त्यांचा तळहात उघडून त्यावर माझ्या बोटानं काढला. टाच हितं, अंगठा हितं, बाकीची बोटं अशी दाण्यासारखी. त्यांनी मूठ मिटली. लई येळ मिटलेलीच व्हती. मी म्हणाले जेवा आता, तर डाव्या हातानं जेवले. आयुष्यात पहिल्यांदा.

आता मी तुझ्या पाया पडते. आईनं लेकीच्या पाया पडू नये म्हणत्यात, मी पडते. मला वर बोलवू नगंस. झीशानला काय सांगायचं ते सांगू नगंस. मला माफबी करू नगंस, त्या दिवशी तुझ्या अब्बांपुढं मी तोंड उघडलं न्हाई म्हणून तू मलाबी त्यांच्यातच धरलंस, धर. पण रविवारी सकाळी, ऊन टेकडीच्या ह्या अंगाला आलं की, बाळाला घेऊन गॅलरीत उभी राहा. तोंड बाहेर करून. कुंची नको, केस बघायचेत. माझ्याकडं बघू नगंस, नुसतं टेकडीकडं बघ. लोक बघत्यातच की टेकडीकडं. तेवढा येळ पुरंल मला. परत त्या टेकडीवर यायची न्हाई.

तू आली न्हाईस तरी मी असंन.

अम्मा

बावधन, तुझ्या स्वयंपाकघरातनं
रविवार, १५ डिसेंबर

अर्शी,

तू आत बाळाला घेऊन झोपलीस. झीशान जुनं कपाट द्यायला गेलाय. मी ओट्याशी उभी राहून लिहितेय, बसायला खोक्यांशिवाय काय न्हाई. कागद तुझ्या सामानाच्या यादीचा घेतलाय, पाठकोरा.

समोरासमोर असताना कागद कशाला म्हणशील. जे बोलायचं ते तोंडानं बोलू दिलं न्हाईस म्हणून.

सकाळचं अजून खरं वाटंना. मी टेकडीवर भिंग लावून बसले. गॅलरी रिकामी. ऊन आलं, वर चढलं, गॅलरी रिकामीच. बादलीबी न्हाई, दोरीबी न्हाई. मला वाटलं गेलीस. मी भिंग तसंच धरून बसले, काढलं की संपलं. तेवढ्यात कोंडिबा धापा टाकत वर आला, "मावशे, ऊठ. कुणीतरी तक्रार केली. सेक्रेटरी म्याडम खाली बोलावत्यात."

गेटवर ती सेक्रेटरी आशालताबाई. तिनं आधी मोबाईल काढून माझाच फोटो काढला. "कुणाच्या घराचे फोटो काढताय तुम्ही? पोलिसांना बोलावते मी." कोंडिबा मधी पडला, "म्हातारं माणूस हाय म्याडम, बगळे काढती." त्याला बगळ्याचं कुणी सांगितलं? तू वाचून दाखवलंस का त्याला? आशालताबाई म्हणाली, "चौथ्या मजल्यावर बगळे असतात का?" आन फोन करून तुला खाली बोलावलं.

तू आलीस. एका पायात तुझी चप्पल, एका पायात झीशानची.

"ह्यांना ओळखता का तुम्ही?"

मी मान खाली घातली. मनात ठरवलं, तू न्हाई म्हणालीस तर मीबी न्हाई म्हणायचं, पोरीला चारचौघांत खोटं पडू द्यायचं न्हाई. तू माझ्या गळ्यातनं कॅमेरा काढून घेतलास आन मागचं बटण दाबत एकेक बघत गेलीस. आभाळ. पडदा. दुपटी. कोपर. पाय. मग आजचे, नुसती रिकामी गॅलरी, रिकामी गॅलरी, रिकामी गॅलरी. किती काढलेले मला तरी कुटं माहीत.

आशालताबाई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता डिलीट करायला लावा."

तू म्हणालीस, "माझ्या घराचे आहेत. माझी आई आहे."

मला तितंच भुईवर बसावं वाटलं. पण तू चालायला लागलीस म्हणून मागं आले. लिफ्टमधी तू एवढंच म्हणालीस, "अब्बांचं नाव काढायचं नाही. काढलंस तर तिथूनच परत जायचं." मी मान हलवली. त्या येळी मी कशालाबी मान हलवली असती.

आन मग तू जस्मीनला माझ्या मांडीवर ठेवलंस. बगळी. काय केस गं तिचे, काळेभोर, उभे. मी भिंग अठरावर आणलं आन हातभर अंतरावरनं काढला. जांभई देताना आलाय. धरून ठेवायला नको, श्वास कोंडायला नको, असंच निघतो फोटो जवळनं. मला विसर पडला व्हता.

आता तुझा शब्द मोडते. तोंडानं न्हाई, कागदावर मोडते. उठल्यावर वाच आन मग जायला सांग.

अब्बांना दिसत न्हाई, अर्शी. साखरेनं डोळे खाल्ले. तू गेल्यावर वर्षभरानं कडा गेल्या, मग मधलं गेलं. स्टुडिओ मोबाईलमुळं बंद पडला न्हाई. शेवटच्या लग्नात त्यांनी नवरीऐवजी मांडवाच्या खांबाचे फोटो काढले आन घरी येऊन कपाटाला कुलूप लावलं. मी तुला लिहिलं न्हाई. तू ऐकून कीव करून आली असतीस, आन कीव करून आलेली लेक त्यांना नको व्हती. मलाबी नको व्हती. आता तू आपण होऊन माझी आई म्हणालीस, म्हणून सांगते.

आज तेबी आलेत. बसमधनं हाताला धरून आणलं. म्हणाले, टेकडी मला चढवणार न्हाई, मी खाली बसतो, तू बघ आन येऊन सांग. गेटसमोर रसवंती हाय, तिच्या बाकड्यावर बसलेत. पांढरी टोपी, कॅमेऱ्याची रिकामी बॅग मांडीवर. मघाशी रसाचा चरखा चालू व्हता म्हणून गेटवरचं त्यांना ऐकू गेलं न्हाई, तूबी तिकडं बघितलं न्हाईस, मी वर आलेय हे त्यांना माहीत न्हाई. कोंडिबानं चहा नेऊन दिला असंल. मी टेकडीवरच हाय अशा समजुतीनं बसून ऱ्हातील, कुणी काय इचारलं तर म्हणतील बायको बगळे बघाया गेलीय.

तुला नको असंल तर काय बोलू नगंस. मी जस्मीनचा मुका घेईन आन खाली जाईन. भांडायची न्हाई.

हवं असंल तर गॅलरीत जा. ते बरोब्बर समोर हायेत, चौथ्या मजल्यावरनं आवाज जातो, मी मघाशी खालच्या पोरांचं बोलणं ऐकलंय. हात करू नगंस, त्यांना दिसायचा न्हाई.

हाक मार.